बाळाला कोणी हसवलं

१

सकाळी मेंढ्या बाहेर काढल्या, चुलीत लाकडं सारली आणि कॉफीचा मग हातात आला, की मी मागासमोर बसते. बसायला मेंढीचं कातडं, डाव्या हाताला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, मांडीवर लाकडी फणी. आमचा माग उभा असतो. जमिनीत पुरलेले दोन खांब, वर एक आडवा वासा, खाली एक, आणि मधे ताण्याचे दोरे, पावसाच्या धारांसारखे सरळ. धागा ताण्यातून ओवायचा, पट्टीनं दाबायचा आणि फणीनं ठोकून बसवायचा. धप, धप, धप.

माझे तीनच ठोके असतात. आई सांगून सांगून थकली, की चौथा मार, तीन ठोके लंगडे असतात, आपल्याकडे सगळं चारानं पूर्ण होतं. दिशा चार, डोंगर चार. मी म्हणायचे, धागा तीनातच बसतो, उगाच हात कशाला मोडून घ्यायचे? माझा स्वभावच असा वाकडा. चुस्का डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या कुणालाही विचारा, डेल्फीन बिट्सुई कशी आहे म्हणून. आधी हसतील, मग सांगतील.

त्या दिवशी मी ठोकलं, धप, धप, धप, आणि चौथा ठोका ऐकू आला.

मोठा नव्हता. ताण्यातून एक बारीक हादरा माझ्या बोटांपर्यंत आला, एवढंच. मी चुलीचा धूर बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीकडे पाहिलं. थंडीत पत्रा आकसतो, आवाज करतो. मग उठून पत्रा ठोकून पाहिला. त्याचा आवाज किरटा होता, आणि मी ऐकला तो लाकडाचा होता, लोकरीत रुतलेल्या लाकडाचा. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलेय.

"आई, थांबलीस का?" लव्हिनानं विचारलं. माझी मुलगी. ती पलंगावर बाळाला पाजत बसली होती. "तुझं ठोकणं थांबलं की ही जागी होते बघ."

"कॉफी गार झाली," मी म्हणाले, आणि पुन्हा बसले.

२

लव्हिना हिवाळ्यापुरती माझ्याकडे आली होती. पोरीचा जन्म चिनलीच्या दवाखान्यात झाला आणि तिथून ती थेट माझ्या या गोल घरात. जावई डॅरेल दक्षिणेकडे विजेचे खांब उभारायच्या कामावर. शनिवारी यायचा तेव्हा कुंपणापाशी गाडी थांबवून दोनदा हॉर्न वाजवायचा, म्हणजे मी मेंढवाड्यात निघून जायचे. सासू-जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं. गुणी मुलगा आहे, असं ऐकून आहे.

त्या दिवसांत घरात सगळ्यांना एकच घोर होता. पोरगी अजून हसली नव्हती. झोपेत ओठ हलतात ते हसू नव्हे. जागेपणी, कुणाकडे तरी बघून, आवाज काढून हसलं पाहिजे. जो हसवेल त्यानं मेंढी कापायची, सगळ्यांना जेवायला बोलवायचं, बाळाच्या मुठीत खडेमीठ द्यायचं आणि तिच्याच चिमुकल्या हातानं ते प्रत्येकाला वाटायचं. बाळ सढळ हाताचं निघावं म्हणून. पण खरी गोष्ट ती नाही. बाळ जन्मभर त्या माणसाच्या वळणावर जातं, ज्यानं त्याला पहिल्यांदा हसवलं. म्हणून आयाबाया टपून असतात, आणि दारुडे काका आले की बाळाचं तोंड भिंतीकडे करतात.

माझा धाकटा भाऊ एल्रॉय दारुडा नाही, चिक्कू आहे. तो पाण्याची पिंपं घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "ताई, आधी पोरीचं तोंड तिकडं कर. मी आत येतोय."

"ये की. तुझ्याकडं बघून कोण हसतंय?"

"तेच तर. हसायला नको. माझ्याकडं इनमीन सहा मेंढ्या उरल्यात." तोंडापुढे टोपी धरून तो खेकड्यासारखा आडवा आत आला.

"मामा, ती टोपीलाच हसेल हं," लव्हिना म्हणाली.

"मग टोपीनं मेंढी कापावी. ताई, माझी करवत कुठंय? मागच्या खेपेला मागाच्या मागं ठेवली होती."

माझा माग पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर पुढे आहे. त्या फटीत मी न पिंजलेल्या लोकरीची पोती कोंबून ठेवते. उन्हाळ्यापासून तिथे कुणी हात घातला नव्हता. एल्रॉयनं दोन पोती ओढली, डोकं आत घातलं, आणि तसाच थांबला.

"आतल्या गाठीची आहेस हं, ताई."

"काय झालं?"

"दुतोंडी विणायला कधी शिकलीस?"

३

दुतोंडी वीण म्हणजे समोरून एक नक्षी आणि पाठीमागून दुसरीच. फार थोड्या बायकांना येते. मला येत नाही. तिला मागावर ताणा उचलणाऱ्या चार काठ्या लागतात. माझ्या मागाला दोनच आहेत, आईच्या मागालाही दोनच होत्या. मी विणते त्या गालिच्याच्या दोन्ही बाजू सारख्याच उमटतात, उमटल्याच पाहिजेत. धागा तोच, तो दुसरीकडे वेगळा दिसणार कसा?

पण दिसत होता. एल्रॉय करवत घेऊन गेल्यावर मी बॅटरी घेऊन त्या फटीत शिरले. समोरून माझे करडे-पांढरे पायऱ्यांचे चौकोन होते, आणि मागून नुसते आडवे पट्टे, काळ्या मेंढीच्या न रंगवलेल्या लोकरीचे. खाली, सुरुवातीला, पट्टे वेडेवाकडे होते. कडा आत ओढल्या गेल्या होत्या, धागा कुठे जाड कुठे बारीक. नवशिकी पोरगी पहिल्यांदा मागावर बसते तेव्हा अस्संच होतं. माझं झालं होतं, लव्हिनाचं झालं होतं. वर वर येताना पट्टे सरळ होत गेले होते. कडा सुधारल्या होत्या. सगळ्यात वरचे काही पट्टे तर इतके नेटके होते, की मी बोट फिरवलं आणि वाटलं, हात माझाच आहे.

कुणीतरी शिकत होतं. माझं बघून.

मी सांगते, मी भित्री नाही. दवाखान्याच्या धुलाईखान्यात मी अर्धं आयुष्य काढलं. मेलेल्यांखालच्या चादरी या हातांनी उचलल्या. आमच्यात कुणी असल्या कामाला हात लावत नाही. माझ्या नातेवाइकांनी कितीतरी दिवस माझ्या हातची भाकरी खाल्ली नाही. मला काही झालं नाही. म्हणून मी त्या फटीत उभी राहून शहाण्या बाईसारखा विचार केला. वय झालं. वेगळ्याच तंद्रीत मीच काहीतरी विणलं असेन. काळी लोकर टोपलीत होतीच.

पण त्या फटीत पोती इतकी ठासून भरलेली होती, की मांजरसुद्धा बसलं नसतं. आणि आता पोती काढल्यावर खाली मातीची जमीन दिसत होती. बरोबर मधोमध ती गुळगुळीत झाली होती, रोज कुणी बसून उठल्यासारखी.

४

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण गेलेल्यांचं आम्ही बोलत नाही. नाव तर घेतच नाही. बोललं की येतात.

लव्हिना एकटी जन्मली नव्हती.

दोघी होत्या, एका चेहऱ्याच्या. दोघींच्याही अंगठ्याचं नख रुंद आणि बसकं, माझ्या आईसारखं. नाळ सुकून गळेपर्यंत दोघी माझ्या दोन कुशींना होत्या. मुलगी असली की तिची नाळ मागाच्या पायथ्याशी पुरतात, म्हणजे ती विणकर होते आणि कुठेही गेली तरी मागाकडे परत येते. आईनं एक नाळ उजव्या खांबाशी पुरली आणि दुसरी डाव्या. आणि मग डाव्या खांबाची पोरगी गेली. ताप आला आणि गेली. आईनं मला तिच्याकडे बघू दिलं नाही. त्यानंतर या घरात तिचा उल्लेख झाला नाही. मला मात्र रडायचं होतं, आणि ते राहूनच गेलं.

नाळ कुणी उकरून काढली नाही. कुणाच्या मनातच आलं नाही. मलाही नाही.

लव्हिना रांगायला लागली तेव्हा तिला मागासमोर सोडलं की ती तासन् तास तिथेच रमायची. ताण्याकडे बघून बडबडायची, खिदळायची. आई म्हणायची, बघ, नाळ कशी ओढते! लव्हिनाचं पहिलं हसूही मागाशीच फुटलं. मी तेव्हा मेंढ्यांमागे होते. घरी आले तर आई म्हणाली, मी हसवलं. मेंढीसुद्धा तिनंच कापली.

५

"आई, तू टाळतेयस," लव्हिना म्हणाली. तिच्या हातात कातड्याची चिमुकली पिशवी होती. पोरीची नाळ तीत होती. "मी आल्यापासून विचारतेय. माझी त्या खांबाशी आहे ना? मग हिचीपण तिथंच पुरू."

"मेंढवाड्यात पुरू."

"मेंढवाड्यात? का गं? जन्मभर लेंड्या झाडू दे का हिला?"

"तुझी नाळ मागाशी पुरली. तू काय विणलंस? फिनिक्सला जाऊन दात साफ करतेस लोकांचे."

"बरं, टोमणा झाला मारून? आता कारण सांग."

"मेंढ्या असल्या की माणूस उपाशी मरत नाही. हे कारण."

"आजी असती तर तिनं मागाशीच पुरली असती."

"आजी नाहीये," मी म्हणाले, जरा जोरातच. पोरगी दचकली आणि रडायला लागली. लव्हिनानं तिला उचललं आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी परकी बाई आहे. मला फार लागलं ते. पण मी सांगणार काय होते? डाव्या खांबाशी कोण आहे हे तिच्या कानावर घालायचं, म्हणजे बोलावणंच धाडायचं.

पिशवी मी तिच्या हातातून घेतली. मेंढवाड्याच्या फाटकापाशी गोठलेली माती कुदळीनं फोडली आणि नाळ खोल पुरली. वर दगड ठेवला. परत येताना मला हलकं वाटत होतं. ही पोरगी मागाची नाही, ही मेंढ्यांची, उजेडाची, मोकळ्या रानाची. आता तिला इकडे ओढायला काही उरलं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

घरात शिरले तेव्हा लव्हिना पलंगावर पाठ करून झोपली होती, पोरगी तिच्या कुशीत. मागासमोर कुणी नव्हतं. ताणा मात्र हलत होता. तार छेडून बोट काढून घेतल्यावर हलते ना, तसा.

६

मी विणणं थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. हाताला काम नसलं की मी जास्तच विचार करते. आणि मला कळून घ्यायचं होतं.

दुपार होती. धुराड्याच्या भोकातून उन्हाचा पट्टा थेट मागावर पडला होता. लव्हिना पोरीला घेऊन एल्रॉयच्या गाडीतून दुकानात गेली होती. मी फणी उचलली आणि एकच ठोका मारला. धप. आणि थांबले.

पलीकडून तीन आले. धप, धप, धप. अगदी सावकाश, शहाण्या मुलीनं धडा म्हणून दाखवावा तसे.

 मी पट्टी ताण्यात घातली आणि आडवी फिरवली. पट्टी फिरवली की दोरे पुढे-मागे होतात आणि मधे बोटभर फट उघडते. त्या फटीतून आपण धागा ओवतो. मी जन्मभर त्या फटीत बघत आलेय, पलीकडे पोत्यांशिवाय काही दिसत नाही. मी वाकले आणि पाहिलं.

बोटं होती. ताण्यामागून दोन बोटांनी दोरे हलकेच बाजूला सारलेले, मी सारते तसेच, आणि त्यांतून काळा धागा पुढे येत होता. लहान मुलाची बोटं नव्हती. ती मोठी झाली होती. अंगठ्याचं नख रुंद होतं, बसकं होतं, आणि त्याच्या कडेला लोकरीचा तंतू अडकला होता. लव्हिनाचाच हात म्हणाल. पण लव्हिनाच्या हाताला ऊन लागलेलं आहे. या हाताला कधीच लागलं नव्हतं.

खरं सांगू? भीती वाटलीच. पण तिच्याआधी दुसरंच काहीतरी आलं. माझ्या छातीत ओढ लागली, पोर भुकेनं रडल्यावर आईला लागते तशी. मी तिला कधीकाळी पाजलं होतं, ते आठवलं. मी हाक मारणार होते. नाव ओठांवर आलं होतं.

बाहेर गाडी वाजली आणि पट्टी माझ्या हातातून निसटली. फट मिटली.

लव्हिना आत येण्याआधी मी बॅटरी घेऊन मागे गेले. काळे पट्टे आता बरेच वर आले होते, माझ्या विणीच्याही पुढे. मधे पांढरे पट्टे होते, आणि दोन्ही बाजूंना नीट कडा सोडलेल्या. ते माझ्या गालिच्याच्या पूर्ण रुंदीचं नव्हतंच. मधल्या भागात, वेगळं, लहानसं काहीतरी तयार होत होतं. बाळाला गुंडाळायला लागतं तेवढं.

७

विणकर बाई मागावरचा ताणा कापत नाही. काम चुकलं तर उसवते, आजारी पडली तर झाकून ठेवते, पण कापत नाही. कापणं म्हणजे काय, ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. मी मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री घेतली आणि वरून खालपर्यंत कापत गेले.

"आई!" लव्हिना किंचाळली. तिच्या हातातून दुकानातलं सामान पडलं. "आई, काय करतेयस? अगं, निम्मा झाला होता! वेड लागलंय का तुला?"

"खराब झाला."

"काय खराब झालं? दाखव मला!"

"मामाला बोलव. हे बाहेर नेऊन जाळायचंय."

एल्रॉय आला, तोंडापुढची टोपी विसरून. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कापलेल्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग त्या ढिगाच्या पाठीमागच्या बाजूकडे. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. तो माझ्याहून लहान आहे, पण त्या ताप आलेल्या दिवशी तो घरात होता. पाणी आणायला आईनं त्यालाच पाठवलं होतं.  ढीग चिमट्यानं उचलून बाहेर घेऊन गेला. परत आल्यावर त्यानं राखेनं हात घासले.

"खांबपण उपटू?" त्यानं हळूच विचारलं.

"छताला आधार आहे त्यांचा. उन्हाळ्यात बघू."

चौकट तशीच उभी राहिली, रिकामी. तिच्यातून पलीकडची भिंत दिसू लागली. मी पोती सगळी बाहेर काढली, फट झाडली, डाव्या खांबाशी माती उकरून पाहिली. इतक्या वर्षांनी तिथे काय सापडणार? मातीत माती. तरी ती सगळी माती मी दूर ओढ्यात नेऊन टाकली.

त्यानंतर घर गप्प झालं. कुठे ठोका नाही, हादरा नाही. लव्हिना माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पोरीला मात्र झोप लागेना. टक्क डोळे उघडे ठेवून ती पडून राहायची, काहीतरी थांबलंय आणि पुन्हा कधी सुरू होतंय याची वाट बघितल्यासारखी.

८

आता एकच राहिलं होतं. पोरीला मी हसवायचं. एकदा माझ्याकडे बघून हसली, की ती माझ्या वळणाची; वाकडी का होईना, पण या बाजूची.

मला बाळांशी खेळता येत नाही. मी तोंड वेंगाडलं, ती रडली. मी मेंढीसारखी बें बें केली, ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत राहिली. माझा तो अवतार बघून लव्हिनाचा राग गेला. ती पोट धरून हसायला लागली.

"आई, पुरे! दवाखान्यात तुला बघून पेशंट पळत असतील!"

"पेशंट नव्हते माझ्याकडे. चादरी होत्या."

"मग बरोबर. चादरींनाच हसव तू."

मायलेकींचं जमलं म्हणून मला इतकं बरं वाटलं, की मी त्या दिवशी मटण घालून रस्सा चढवला आणि भाकऱ्या तळायला पीठ भिजवलं. ऊन छान पडलं होतं. लव्हिना दोरीवरची दुपटी काढायला बाहेर गेली. पोरगी भिंतीला उभी टेकवायच्या पाळण्याच्या फळीत घट्ट बांधलेली, हात तेवढे मोकळे. फळी मी नेहमी दाराकडे, पूर्वेकडे तोंड करून टेकवायचे. जाताना लव्हिनानं ती फिरवून ठेवली असणार, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून. माझी पाठ होती. मी पीठ मळत होते.

पोरगी हसली.

ओठ हलवणं नव्हे. खळखळून, पोटातून, आवाज काढून. गुदगुल्या केल्यावर हसतात तशी. थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा.

मी वळले. ती पश्चिमेकडे बघत होती, रिकाम्या चौकटीकडे. भिंतीकडे नाही, जमिनीकडे नाही. खाली बसलेल्या बाईचं तोंड जिथे असेल, बरोबर तिथे. नजर जरा हलायची, थांबायची. समोरचं माणूस मान डोलवतं तेव्हा बाळाची नजर हलते, तशी.

"आई!" लव्हिना दुपट्यांचा ढीग घेऊन धावत आली. थंडीनं दुपटी पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. "हसली! मला बाहेर ऐकू आलं! तू हसवलंस?"

"हो," मी म्हणाले. "मी हसवलं."

शब्द तोंडातून गेले आणि मला माझी आई आठवली. याच जागी उभी होती, हेच शब्द म्हणाली होती, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती. इतक्या वर्षांनी मला कळलं, ती कुठे बघत होती.

"चला, एक मेंढी गेली तुझी!" लव्हिना आनंदानं नाचत होती. "मामाला कळव, तो सुटला म्हणावं." ती पोरीपुढे गुडघ्यांवर बसली, तिच्या गालाचा पापा घेतला, मग मिटलेली मूठ हातात घेतली. "हे काय धरलंय गं? बघू. आई, तू पण ना! जेवणाआधीच मीठ दिलंस?"

पोरीच्या तळव्यावर खडेमिठाचा एक करडा खडा होता. ओलसर.

लव्हिना हसत हसत माझ्याकडे वळली. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते. मग तिनं मांडणीवरच्या मिठाच्या बरणीकडे पाहिलं. झाकण घट्ट होतं.

तिचं हसू हळूहळू गेलं. ती बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली, लहानपणीचं काहीतरी आठवायला बघावं तसं. तिचा हात आपोआप उठला आणि उजव्या खांबावर टेकला. मग तिनं डाव्या खांबाकडे पाहिलं, जिथली माती मी उकरली होती.

"आई," ती म्हणाली, "माझ्याबरोबर आणखी कुणी होतं का गं?"

मी बोलायला तोंड उघडलं, आणि पोरगी पुन्हा हसली.